कॅमेऱ्याच्या जरा बाजूला

पत्रक काल आलं. पिझ्झाच्या आणि इस्टेट एजंटच्या जाहिरातींबरोबर दारातल्या फटीतून आत पडलं. आमच्या इथल्या छोट्या थिएटरचा शरदातला कार्यक्रम : मंगळवारी दुपारी जुने सिनेमे, तिकिटातच चहा आणि दोन बिस्किटं. असले कागद मी उभ्या उभ्या निवडते. ठेवायचे डावीकडे, रिसायकलिंगचे उजवीकडे. हा मात्र हातातच राहिला. पहिल्या पानावर तिचा फोटो होता. दोन्ही हात वर, मान मागे, एक टाच जमिनीपासून उचललेली.

बाहेर अजून उजेड होता, पण सप्टेंबर संपतानाचा. सामान बांधून दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. लंडनजवळच्या या पिनरमध्ये इतकी वर्षं काढली तरी मला या उजेडाची सवय झालेली नाही. समोरच्या घरासमोरचं झाड एका बाजूने पिवळं व्हायला लागतं, शेजारची बाई दाराशी भोपळा आणून ठेवते, आणि मला वाटतं, आता काहीतरी कमी होणार. पूर्वी असं वाटायचं नाही. पूर्वी हा नुसता ऋतू होता, त्यात बॉयलरची सर्व्हिसिंग करून घ्यायची आणि जाड पांघरुणं काढायची. त्या एका वर्षापासून वाटायला लागलं.

पत्रकावरच्या बाईचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी उच्चारलंच गेलं नाही. माझी मोठी बहीण, कुंदाताई, तिला ‘आपली’ म्हणायची. सांगलीला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाचा खेळ लागायचा. प्रिंट जुनी, मधे मधे तुटलेली, संवाद कुणालाच कळायचे नाहीत. ताई कॉलेजात, मी दुसरी-तिसरीत. ती मला सोबत न्यायची, कारण एकटीला आई सोडत नव्हती. घरी आल्यावर मागच्या अंगणात, धुणं वाळत घातलेल्या दोरीखाली, ताई आपलीच्या गिरक्या करून बघायची. ती कथक शिकत होती, त्यामुळे पाय तयार होते. पण गिरकी संपवून ‘आपली’ थांबायची कशी, ते तिला हवं होतं. आई आतून ओरडायची, “कुंदे, पाय मोडून घेशील, मग कोण करणार तुला?” ताई म्हणायची, “मला नाही केलं तरी चालेल, गिरकी नीट झाली म्हणजे झालं.”

त्या वर्षी, म्हणजे तीन शरदांपूर्वी, थिएटरने आपलीचे सिनेमे क्रमाने लावले होते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. दाताच्या दवाखान्याची मी मॅनेजर आहे, मंगळवारी दुपारनंतर मला सुट्टी असते. ताई माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एकटी राहायची. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा निखिल बेसिंगस्टोकला. मी तिला म्हटलं, “सगळे बघू या. एकही चुकवायचा नाही.” ती म्हणाली, “तू ठरवलंस म्हणजे चुकणार कसा, वासू.”

सिनेमाआधी ॲलन नावाचे एक निवृत्त शिक्षक पडद्यासमोर उभे राहून थोडं बोलायचे. हातात कार्ड असायचं, पण ते त्यात बघत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की ही फिरत्या खेळवाल्यांची मुलगी. चालायला लागल्यापासून बापाच्या खांद्यावर उभी राहून नाचली. स्टुडिओने तिला घेतलं तेव्हा आधी तिचं नाव बदललं, मग केसांचा भांग, मग बोलणं. पायांना मात्र हात लावला नाही. पहिल्या सिनेमात ती नाचणाऱ्या मुलींच्या रांगेत आहे, एवढंच. श्रेयनामावलीतही नाही.

सगळ्या मुली सारख्या दिसत होत्या. तोच झगा, तेच हसू. मी शोधायला लागायच्या आधीच ताईने माझा हात दाबला. “ती बघ. डावीकडून तिसरी. टाच बघ तिची.” अंधारात तिचा स्वतःचा पाय पुढच्या खुर्चीखाली हलत होता.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी एका आजीबाईंनी ताईला विचारलं, साखर किती? ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बिनसाखरेचा.” ताई हसली आणि कप घेतला. तेव्हा यात काहीच नव्हतं. मोठ्या बहिणीच्या वतीने मी उत्तरं देतेच, मला ती सवय आहे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या मंगळवारी घरी येताना गाडी ताई चालवत होती. त्या दिवशीच्या सिनेमात आपली पहिल्यांदा नायिका झाली होती. बोटीच्या स्वयंपाकघरात, टांगलेल्या पातेल्यांच्या मधून नाचते, एकाही पातेल्याला धक्का लागत नाही. ताई त्याबद्दलच बोलत होती. मोठ्या राउंडअबाउटवर, गोल चौकात, आलो. आमचा रस्ता आला आणि गेला. दुसऱ्या फेरीत पुन्हा गेला. मी म्हटलं, “अगं, कुठे?” तर ताई म्हणाली, “वासू, तुला यातला कुठला रस्ता आवडतो?” मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता बोट दाखवलं, आणि ती वळली. वायपर सुरू होते. पाऊस मघाशीच थांबला होता, आणि ते कोरड्या काचेवर करकरत होते. घर येईपर्यंत ते बंद करावेत असं तिला वाटलं नाही.

रात्री मी निखिलला सहज फोन केला. तो म्हणाला, “मावशी, आई टायर्ड असेल. मी पण ऑफिसचा पासवर्ड दर आठवड्याला विसरतो.” मला तेच ऐकायचं होतं.

मग नवरात्र आलं. आमच्या सांगलीकडे हादगा म्हणतात, इथे सगळ्यांसाठी तो भोंडलाच. चर्चचा हॉल मिळतो, मधे स्टुलावर हत्ती ठेवायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा. हत्तीचं चित्र दर वर्षी कुणीतरी विसरतं, म्हणून कुणाच्या तरी मुलाचा निळा कापडी हत्ती बसतो. गाणी ताई सांगायची. शनिवारच्या तिच्या नाचाच्या वर्गातल्या मुली तिच्या मागे फेर धरायच्या. त्यांतल्या निम्म्या मुलींना गाण्यांचा अर्थ कळत नाही, पण पाय चुकत नाहीत.

फेर संपला की खिरापत. ज्याने त्याने झाकलेला डबा आणायचा, आत काय आहे ते सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, इथपासून सुरुवात. मला हा खेळ इथे चालवणं कधी पटलं नाही. एका मुलीला दाण्यांची ॲलर्जी आहे, तिच्या आईचा जीव टांगणीला. म्हणून मी माझ्या डब्यात काय आहे ते दारातूनच जाहीर करते, आणि सगळ्या मला “मावशी, तुम्ही ना फारच बोअर” म्हणतात. ताईचं तसं नव्हतं. ताई खेळवायची.

“बाई, गोड की तिखट?” सईने विचारलं. सई म्हणजे ताईच्या वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी. इथेच जन्मलेली, तेव्हा युनिव्हर्सिटीत.

“ओळखा,” ताई म्हणाली.

“गोल आहे?”

“ओळखा बघू.”

“बाई, थोडा तरी हिंट द्या ना. हाताने खायचं की चमच्याने?”

ताईने माझ्याकडे बघितलं. मला तिच्या डब्यातलं माहीत नव्हतं. मी खांदे उडवले.

“तिखट,” ताई म्हणाली.

मुलींनी चिवडा म्हणून झालं, चकल्या म्हणून झालं, अळूवड्या, कोथिंबीरवड्या, मेथीचे ठेपले. एकीने “पॉट नूडल?” विचारलं आणि हॉलभर हशा झाला. शेवटी सगळ्या “हरलो” म्हणाल्या. ताईने झाकण काढलं. आत नारळाच्या वड्या होत्या, गुलाबी.

“चीटिंग!” मुली ओरडल्या. “बाई, तुम्ही तिखट सांगितलं!”

“फसवलं की नाही?” ताई म्हणाली, आणि तीही हसली.

माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “कुंदाताई अलीकडे जरा भाव खातात, नाही?” मी वडी तोंडात टाकली. वडी उत्तम होती, अगदी आईच्या हातची. पण एक गोष्ट मी बघितली होती आणि ती वडीबरोबर खाली जाईना. झाकण निघालं तेव्हा सगळ्यांत आधी डब्यात वाकून ताईने बघितलं होतं. आत काय आहे याची हॉलमध्ये सगळ्यांत जास्त उत्सुकता तिलाच होती.

यानंतरचे मंगळवार मला सलग आठवत नाहीत. रेल्वे फलाटावरचा, रेनकोट घालून केलेला नाच आठवतो. मण्यांच्या जड झग्यात जिना उतरतानाचा आठवतो. ॲलन म्हणाले होते, त्या झग्याचं वजन एखाद्या मुलाएवढं होतं, मणी एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती प्रत्येक पायरीवर पाय बदलते, आणि हे दिग्दर्शकाला चित्रीकरण संपेपर्यंत कळलं नव्हतं. तो तिच्या कीर्तीचा कळस. पुढचे सिनेमे रंगीत आहेत, आणि रंग जसे वाढतात तसा नाच कमी होतो. आधी गाण्यात फक्त चालते. मग दुसऱ्या बाईला नाचताना बघते. स्टुडिओने करार संपवला. मधे दोन लग्नं मोडली, ती ॲलननी एका वाक्यात सांगितली.

हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली. दवाखान्यातली सगळी घड्याळं मीच लावते. ताईच्या घरी गेले तर तिथलं घड्याळ मागे नव्हतं, पुढे होतं. “बरं आहे की,” ताई म्हणाली, “लवकर झोपता येईल.” वर्गातल्या मुलींची दिवाळीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होती. ताई स्वतः त्यांच्याबरोबर नाचणार होती, बऱ्याच वर्षांनी. तालमीत मी चहाचं सामान घेऊन गेले तेव्हा दोन मुली कोपऱ्यात बोलत होत्या. “गेल्या वेळी आपण इथे उजवीकडे गेलो होतो.” “बाईंनी बदललं असेल.” “परत बदललं?” “मग तू विचार.” कुणी विचारलं नाही. बाईंना विचारायचं नसतं, बाई करतील तसं मागून करायचं, हे ताईनेच त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं. ताई डावीकडे गेली की सगळा वर्ग डावीकडे जायचा. आरशात ते फार सुंदर दिसायचं.

शेवटच्या मंगळवारी थिएटरमधून बाहेर बघितलं तर चार वाजताच काळोख पडत होता. घरांच्या दारांशी हॅलोविनचे भोपळे आत खचले होते, त्यांची तोंडं वाकडी झाली होती. शेवटच्या सिनेमात आपली एका शेतकऱ्याची आई आहे. सिनेमाभर खुर्चीत. ॲलन या वेळी जरा थांबून बोलले. तिला वाक्यं आठवत नव्हती, कॅमेऱ्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांतले फलक धरावे लागत. लोक म्हणाले, पिते. वर्तमानपत्रांनी छापलं, पिते. तिनेही कधी नाही म्हटलं नाही. दारू म्हटलं की लोकांना कळतं, ॲलन म्हणाले. जे खरं होतं त्याला तेव्हा कुणी नीट नाव दिलेलं नव्हतं.

मग अंधार झाला आणि मी फक्त तिचे डोळे बघत राहिले. मुलगा तिला काही विचारतो. ती हसते. डोळे त्याच्या चेहऱ्यावरून सरकतात, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, तिथे क्षणभर थांबतात, आणि मग उत्तर येतं. फार चांगलं उत्तर येतं. पण आधी ते सरकणं. मला ते डोळे ओळखीचे होते. साखर किती, गोड की तिखट, हाताने की चमच्याने. त्या सगळ्या शरदात कॅमेऱ्याच्या शेजारी मी बसले होते.

बाहेर चहाच्या टेबलाशी ताईने बिस्किट हातात घेतलं. मग म्हणाली, “ती पीत नव्हती.”

“ते सांगितलंच की त्यांनी.”

“सांगायला कशाला हवं. खुर्चीचा हात सोडत नाहीये बघ. नाचणारी बाई कधी अशी खुर्ची धरते?”

मी कप खाली ठेवला. “ताई, आपण जीपीकडे, डॉक्टरकडे जाऊन येऊ. उद्या सकाळी मी फोन करते.”

“तुझं लगेच उद्या सकाळी.” तिने बिस्किटाचे दोन तुकडे केले, खाल्ला एकही नाही. “वासू, दिवाळी होऊ दे. कुणाला काही सांगू नकोस. निखिलला पण नको.”

“काय सांगू नको?”

“जे तू सांगणार आहेस ते. मला एकदा नाचू दे. मग जिथे न्यायचं तिथे ने.”

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी वेळेवर केल्या आहेत. ही एक पंधरा दिवस उशिरा केली, आणि ते पंधरा दिवस मी नीट झोपले नाही. स्टेजवर तिचा पाय अडखळला तर? अख्ख्या मराठी मंडळासमोर ती उभी राहिली आणि पुढचं आठवलंच नाही तर? जिने हॉलभर मुलींना उभं राहायला शिकवलं, तिला लोक कुजबुजत बघतील. पिते असं आमच्यात कुणी म्हणणार नाही. ‘वय झालं आता, हौस किती करायची’ म्हणतील. ते मला जास्त भयंकर वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर फटाके होते, आपले दिवाळीचे आणि इंग्रजांच्या गाय फॉक्सच्या सणाचे, कुठले कुणाचे ते कळत नव्हतं. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. निखिल आला होता, माझ्या शेजारी बसून मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. पडदा उघडला. ताई मधे, हिरव्या साडीत, मुली अर्धगोलात मागे. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसरंही. तिसऱ्याला ताईने सम घेतली आणि पहिल्या कडव्याचे हात सुरू केले.

कडवं तिसरं, हात पहिल्याचे. आणि मग मी बघितलं की सईनेही पहिल्याचे हात सुरू केले होते. अर्ध्या मात्रेनंतर दुसरीने. मग सगळ्यांनी. अख्खा अर्धगोल ताईच्या मागे चुकीच्या कडव्यात शिरला, आणि कुणी एकटं पडलं नाही म्हणून चूक दिसलीच नाही. मुलींच्या ठाशीव पायांनी ते चुकलेलं कडवं बरोबर करून टाकलं. शेवटी ताईने गिरकी घेतली, आपलीची, अंगणात दोरीखाली केलेली, आणि जशी थांबायला हवी तशी थांबली. टाच उचललेली. हॉलने टाळ्या वाजवल्या. निखिल म्हणाला, “बघितलंस मावशी? काही झालेलं नाहीये आईला.”

टाळ्या संपल्या तरी ताई तशीच उभी होती. दिवे अर्धे गेले. सईने तिच्या कमरेवर हात ठेवला आणि फेर धरतात तसं वळवून आत नेलं.

नंतर विंगेत सई पिना काढत होती. मी म्हटलं, “तुला कळलं होतं?”

“सप्टेंबरपासून, मावशी.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. बाई जे करेल, ते स्टेप. ती एकटी चुकली असती ना.”

सोमवारी सकाळी मी जीपीला फोन केला. मग तपासण्या, स्कॅन, क्लिनिक. त्या गोष्टीला आता नाव आहे, मोठं आणि नीट छापलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुटुंबात आणखी कुणाला? आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आई आमची लवकर गेली, तिला हे होण्याइतकं वयच मिळालं नाही. “माहीत नाही,” मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

ताई आता माझ्याकडे असते, खालच्या खोलीत. निखिल शनिवार-रविवार येतो. वर्ग सई चालवते. भोंडल्याला खिरापत मी करते, पण डबा ताईच्या हातात देतात, आणि मुली विचारतात. ताई “ओळखा” म्हणते. पहिली जी कुणी काही म्हणेल, लाडू म्हणा, भेळ म्हणा, ताई म्हणते, “बरोबर.” मग झाकण उघडतं, आत भलतंच असतं, आणि सगळ्या टाळ्या वाजवून खातात.

काल ते पत्रक मी ताईला दाखवलं. तिने फोटोकडे पुष्कळ वेळ बघितलं. “ही कोण?” म्हणाली. मी म्हटलं, आपली. “आपली कोण?” तिने विचारलं. सपाता घातलेल्या तिच्या पायाची टाच मात्र उचलली गेली होती. मंगळवारची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत.

आज दुपारी सईचा फोन आला. भोंडला रविवारी आहे, हॉलची किल्ली कुणाकडे, स्टूल कोण आणणार, सगळं पटापट झालं. मग ती म्हणाली, “आणि मावशी, ह्या वर्षी डब्यात काय आहे? दाणे आहेत का? त्या मुलीच्या मम्मीला सांगायचं आहे.”

मी खिरापत सकाळीच करून ठेवली होती. डबा ओट्यावर होता, झाकण लावलेलं.

“ओळख,” मी म्हटलं.

सई हसली. “मावशी, तुम्ही? तुम्ही तर कधी—” आणि मग ती हसायची थांबली.

“थांब जरा,” मी म्हटलं. फोन टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरात गेले, आणि झाकण उघडून बघितलं.